लादी न फोडता लिकेज: छोट्या धंद्यासाठी गूगलवरचे शब्द फुकटात कसे शोधायचे

वॉटरप्रूफिंगचं काम करणारा कॉन्ट्रॅक्टर आपल्या वेबसाइटवर लिहितो: 'केमिकल ग्राउटिंग', 'ब्रिकबॅट कोबा', 'क्रिस्टलाइन कोटिंग'. बोरिवलीतल्या ज्या माणसाच्या बाथरूममधून खालच्या फ्लॅटच्या छतावर ओल उतरली आहे, त्याला यातला एकही शब्द ठाऊक नसतो. तो फोनवर टाइप करतो 'बाथरूम लिकेज लादी न फोडता', तेही बहुधा इंग्रजी अक्षरांत आणि अर्धं इंग्रजीत. एकाच्या हातात काम आहे, दुसऱ्याला गरज आहे, दोघं एकाच वॉर्डात राहतात, आणि तरी गूगलवर त्यांची गाठ पडत नाही. कीवर्ड संशोधन म्हणजे ही गाठ पडेल असे शब्द शोधणं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

यासाठी महिन्याला डॉलरमध्ये वर्गणी भरायची गरज नाही. एका दुकानाला, एका क्लासला, घरून फराळ विकणाऱ्या बाईंना लागणारी जवळजवळ सगळी माहिती गूगलच्याच फुकट टूल्समध्ये मिळते. पैसे देऊन घेतलेल्या टूल्सचे आकडेही शेवटी अंदाजच असतात. खरी अडचण वेगळी आहे. प्रत्येक टूल एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देतं आणि लोक त्याला भलताच प्रश्न विचारतात. गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये 'स्पर्धा: जास्त' दिसलं की चांगला शब्द सोडून देतात, गूगल ट्रेंड्सवरची रेघ खाली गेली की मागणी संपली असं धरतात. म्हणून इथे प्रत्येक टूल नेमकं काय सांगतं आणि काय सांगत नाही, यावर भर आहे.

आधी ग्राहकांचे मेसेज

टूल उघडण्याआधी व्हॉट्सॲप उघडा. अँड्रॉइड फोनवर चॅटमध्ये वरच्या तीन टिंबांवर जाऊन 'मोअर', मग 'एक्सपोर्ट चॅट', मग 'विदाउट मीडिया' निवडलं की सगळं संभाषण टेक्स्ट फाइलमध्ये मिळतं. अशा वीस-पंचवीस नव्या चौकश्या घ्या आणि प्रत्येकीतलं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या शीटमध्ये उतरवा. पहिलंच का? कारण तुमच्याशी दोन वाक्यं बोलल्यावर ग्राहक तुमचे शब्द वापरायला लागतो. तुम्ही 'ग्राउटिंग' म्हणालात की तोही म्हणतो. गूगलवर मात्र तो त्याच्या आधीच्या भाषेत टाइप करून आलेला असतो. नंबर आणि नावं काढून टाका, आणि ही फाइल कुठल्याही ऑनलाइन टूलवर चढवू नका. ती तुमच्या ग्राहकांची खासगी बाब आहे.

फोनवर येणाऱ्या चौकश्यांसाठी गल्ल्याजवळ एक वही ठेवा. समोरचा जसं बोलला तसंच लिहा, सुधारून नको. 'रूमच्या भिंतीला पोपडे आलेत', 'वरच्या मोरीचं पाणी उतरतं', 'सोसायटीला कोटेशन पाहिजे' ही तीन वाक्यं तीन वेगळे ग्राहक आहेत. पहिल्याला एका खोलीचं काम आहे, दुसऱ्याचं शेजाऱ्याशी भांडण सुरू आहे, तिसरा सेक्रेटरी आहे आणि त्याला कमिटीपुढे कागद ठेवायचा आहे. तिघांना एकच पान दाखवून चालत नाही.

तुमच्याच धंद्यातल्या इतरांचे गूगल मॅप्सवरचे रिव्ह्यू हा आणखी एक खजिना आहे. तिथे लोक मोकळेपणाने लिहितात: 'दोन पावसाळे झाले, पुन्हा गळलं नाही', 'कामाचा वास आला नाही', 'सांगितलेल्या वेळेला आले'. यातून ग्राहकाची भीती कळते, आणि भीती हाच बऱ्याचदा सर्च असतो.

जमलेल्या वाक्यांचे तुकडे करा: वस्तू किंवा काम, त्रास, जागा, आणि अट. अट म्हणजे भाव, किलो, घरपोच, आजच, रविवारी चालू, गॅरंटी, शुद्ध तुपातलं, बिनसाखरेचं. छोट्या धंद्याचे सगळ्यात चांगले कीवर्ड या अटींमधून निघतात, कारण अट घालणारा माणूस खरेदीच्या जवळ आलेला असतो.

सर्चची चौकट

आता फोनवर क्रोमचा इन्कॉग्निटो टॅब उघडा, गूगलमध्ये शब्द टाइप करा आणि एंटर न मारता थांबा. खाली येणाऱ्या सूचना लोकांनी खरोखर केलेल्या सर्चवरून बनतात. 'चकली' लिहून जागा सोडा आणि मग एकेक अक्षर घालत जा. मग कर्सर शब्दाच्या आधी नेऊन पुन्हा तेच करा, म्हणजे 'घरगुती चकली', 'भाजणीची चकली' असे पुढून जोडलेले शब्द मिळतात. हे तीन वेळा करायचं: देवनागरीत, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, आणि सरळ इंग्रजीत. तिन्ही याद्या वेगळ्या निघतील. इन्कॉग्निटोमुळे तुमचा जुना इतिहास बाजूला राहतो, पण जागा लपत नाही. दादरला बसून दिसणाऱ्या सूचना आणि निकाल मुलुंडला तसेच दिसतील असं धरू नका.

निकालांमध्ये मधे येणारी 'लोक हेही विचारतात' ही चौकट उघडत जा. एक प्रश्न उघडला की खाली आणखी प्रश्न येतात. हे प्रश्न तुमच्या पानावरच्या प्रश्नोत्तरांसाठी तयार मिळतात. यूट्यूबच्या आणि मॅप्सच्या सर्च चौकटीतही हाच प्रयोग करा. मॅप्सवर टाइप करणाऱ्याला बहुतेक वेळा जायचं असतं किंवा फोन करायचा असतो, त्यामुळे तिथले शब्द आखूड आणि थेट असतात.

कीवर्ड प्लॅनर, सावकाश

गूगल ॲड्सच्या आतलं हे टूल जाहिरातदारांसाठी बनवलं आहे. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर त्यातले निम्मे गैरसमज टळतात.

खातं उघडताना गूगल तुम्हाला लगेच पहिली जाहिरात करायला लावतं. 'एक्सपर्ट मोड'कडे जाणारा छोटा दुवा शोधा, आणि मोहीम, म्हणजे जाहिरातीचं कॅम्पेन, न करता पुढे जायचा पर्याय दिसला तर तो घ्या. दर वेळी तो दिसेलच असं नाही. पैसे भरण्याची माहिती मागितली जाऊ शकते, आणि एखादी मोहीम तयार करावीच लागली तर ती त्याच क्षणी 'पॉज' करा. दुसऱ्या दिवशी परत येऊन ती बंद आहे ना ते डोळ्यांनी बघा. अजाणता चालू राहिलेली मोहीम हे फुकट टूल महाग पडण्याचं एकमेव कारण आहे.

'टूल्स'मध्ये जाऊन प्लॅनर उघडा आणि 'डिस्कव्हर न्यू कीवर्ड्स' निवडा. एका वेळी दहापर्यंत शब्द टाकता येतात, पण दहा टाकू नका. एकाच कामाशी संबंधित तीन-चार टाका, नाहीतर सूचनांची खिचडी होते. जागा 'भारत' असेल तर बदलून 'मुंबई' करा. ठाणे आणि नवी मुंबईचे ग्राहक घेत असाल तर ती शहरं वेगळी जोडा, ती मुंबईत धरली जात नाहीत. भाषा 'सर्व भाषा' ठेवा, कारण मुंबईकर एकाच वाक्यात तीन भाषा मिसळतो. शेजारच्या 'स्टार्ट विथ अ वेबसाइट' या पर्यायात तुमच्या धंद्यातल्या चांगल्या चालणाऱ्या दुसऱ्या साइटचा पत्ता टाकला की ती साइट गूगलला कोणत्या शब्दांशी जोडलेली वाटते, हेही कळतं. हा भाग लोक वापरत नाहीत आणि मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो.

आता आकडे. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला महिन्याच्या सर्चचा नेमका आकडा मिळत नाही, पट्टा मिळतो: १० ते १००, १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार. १२० सर्च असलेला शब्द आणि ९५० सर्च असलेला शब्द एकाच पट्ट्यात बसतात. म्हणजे या पट्ट्यांवरून 'हा शब्द त्याच्या दुप्पट मोठा' असं काही म्हणता येत नाही. एवढंच कळतं की मागणी आहे, आणि ती साधारण कोणत्या पायरीवर आहे. शिवाय हा आकडा १२ महिन्यांची सरासरी असतो. वर्षातून तीन आठवडे विकल्या जाणाऱ्या वस्तूची सरासरी लहान दिसते, आणि त्या तीन आठवड्यांत फोन खाली ठेवायला सवड नसते. प्लॅनर जवळपास सारखे शब्द एकत्रही मोजतो, त्यामुळे 'मोदक ऑर्डर' आणि 'ऑर्डर मोदक' यांना सारखाच आकडा दिसला तर दोन्ही मिळवून बेरीज करू नका.

'स्पर्धा' या रकान्याचा अर्थ त्या शब्दावर किती जाहिरातदार बोली लावतात, एवढाच. फुकट निकालांत वर येणं किती अवघड आहे, हे त्यातून कळत नाही. 'स्पर्धा: कमी' पाहून खूश होऊन पान लिहिलं आणि पहिल्या पानावर मोठी वर्तमानपत्रं आणि रेसिपीच्या साइट्स बसलेल्या निघाल्या, असं नेहमी होतं. उलट 'जास्त' स्पर्धेचा शब्द उपनगराच्या नावासकट सोपा निघू शकतो.

माझ्या मते प्लॅनरमधला सगळ्यात बोलका रकाना बोलीचा आहे: पानाच्या वरच्या भागात जाहिरात दिसण्यासाठी लागणारी कमीत कमी आणि जास्तीत जास्त रक्कम, रुपयांत. दोन शब्दांचा पट्टा सारखा असेल आणि एकाची बोली दुसऱ्याच्या पाचपट असेल, तर त्या शब्दावरून कोणाला तरी कमाई होते आहे. 'टेरेस वॉटरप्रूफिंग कोटेशन' यासारख्या शब्दाची बोली आणि 'वॉटरप्रूफिंग म्हणजे काय' याची बोली शेजारी ठेवून बघा. फुकट निकालांत दिसण्यासाठी तुम्ही ही बोली भरणार नाही. दुसऱ्यांनी पैसे घालून शोधलेली माहिती तुम्ही नुसती वाचता आहात.

आणि ज्या शब्दासमोर रेघ किंवा शून्य दिसतं तो लगेच खोडू नका. 'बाथरूम लिकेज लादी न फोडता मुलुंड' याला आकडा नसेल. महिन्यात तो शब्द चार जणांनी टाइप केला आणि त्यातल्या एकाने काम दिलं, तर एका कॉन्ट्रॅक्टरला ते पुरेसं आहे. मोठ्या आकड्यांच्या मागे धावणं हा देशभर माल पाठवणाऱ्यांचा खेळ आहे. स्कूटरवरून जाऊन काम करणाऱ्याला स्कूटर पोचेल तिथलेच सर्च हवेत.

यादी डाउनलोड करायची तर सीएसव्ही फाइलपेक्षा (साध्या टेक्स्टमधल्या तक्त्यापेक्षा) थेट गूगल शीट्समध्ये घ्या. एक्सेलमध्ये उघडताना देवनागरी अक्षरं कधी कधी विस्कटतात.

पहिल्या पानावर कोण बसलंय

यादीतला प्रत्येक महत्त्वाचा शब्द गूगलवर टाकून निकाल बघणं, हे कुठलंही टूल तुमच्यासाठी करू शकत नाही. 'उकडीचे मोदक' टाकलं की बहुतांश रेसिपी आणि व्हिडिओ येतात. शोधणाऱ्याला करायला शिकायचं आहे. त्यालाच 'ऑर्डर' किंवा 'दादर' जोडलं की नकाशा आणि विक्रेते येतात. विकणाऱ्याने पहिल्या शब्दासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही, तिथे भेट देणारे हजार असले तरी ऑर्डर देणारे नसतात. निकालांत नकाशा आणि तीन दुकानांची चौकट दिसली, तर त्या शब्दासाठी वेबसाइटच्या आधी तुमचं गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे मॅप्सवर दिसणारी तुमच्या दुकानाची फुकट नोंद, नीट करायला हवं. निकालांत फक्त मोठ्या लिस्टिंग साइट्स दिसल्या, तर अट किंवा उपनगर जोडून शब्द बारीक करा.

दुसऱ्या उपनगरात काय दिसतं हे बघायला तिथे जावं लागत नाही. गूगल ॲड्समध्येच 'ॲड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस' नावाचं टूल आहे. त्यात जागा निवडून तिथला निकाल पाहता येतो.

लिपीचा प्रश्न

मराठी धंद्यांचं इथे फार नुकसान होतं. वेबसाइट करून देणारा सगळं इंग्रजीत करतो, किंवा मालकाच्या आग्रहावरून सगळं शुद्ध मराठीत. लोक मात्र दोन्हीच्या मधे टाइप करतात. इंग्रजी अक्षरांत 'उकडीचे' लिहिताना 'क' नंतरचा 'ए' कोणी घालतं, कोणी गाळतं. 'चकली'चंही तसंच. स्पेलिंगचे असे फरक गूगल बऱ्याच अंशी सांभाळून घेतं, त्यामुळे प्रत्येक स्पेलिंगसाठी वेगळं पान करू नका आणि पानाच्या तळाशी सगळी स्पेलिंग्ज ओतूही नका. देवनागरी आणि इंग्रजी अक्षरं यांचे निकाल मात्र खूपदा वेगळे असतात. पान मराठीत असेल तर शीर्षकात वस्तूचं नाव दोन्ही लिप्यांत एकेकदा येऊ द्या, आणि मजकुरात जिथे सहज येईल तिथेच. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीला गुजराती-हिंदी बोलणारे ग्राहकही आहेत, आणि 'छत से पानी टपकना' हेही तुमच्या कामाचंच वाक्य आहे.

पानाचा पत्ता (लिंक) मात्र इंग्रजी अक्षरांतच ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या खुणा आणि आकड्यांची लांबलचक माळ होते, आणि लोक ती लिंक फसवणुकीची समजून उघडत नाहीत.

ट्रेंड्स आणि पंचांग

एखादा शब्द काळानुसार किती शोधला गेला याचा आलेख दाखवणारं गूगल ट्रेंड्स संख्या देत नाही. निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू १०० धरून बाकी सगळं त्याच्या प्रमाणात दाखवतं, आणि तेही एकूण सर्चमधल्या वाट्याच्या हिशेबाने. रेघ खाली आली म्हणजे शोधणारी माणसं कमी झाली असंच नाही. एका वेळी पाच शब्दांची तुलना करता येते. जागा 'महाराष्ट्र' आणि काळ ५ वर्षं घ्या. ओळखीच्या एका शब्दाला माप म्हणून कायम ठेवा आणि बाकीचे त्याच्यासमोर लावत जा. प्लॅनरच्या एकाच पट्ट्यात अडकलेल्या दोन शब्दांपैकी मोठा कोणता, हे असं कळतं. झपाट्याने वाढणाऱ्या सर्चच्या 'रायझिंग' यादीत एखाद्या शब्दापुढे 'ब्रेकआउट' असेल तर त्याची वाढ ५,००० टक्क्यांहून जास्त आहे, म्हणजे बहुधा तो आधी जवळपास नव्हताच. फार लहान शब्दांना ट्रेंड्स 'पुरेसा डेटा नाही' म्हणतं. त्याचा अर्थ मागणी नाही, असा काढू नका.

सणांच्या धंद्यात एक चूक वर्षानुवर्षं होते: गेल्या वर्षीच्या आलेखावरून या वर्षीची तारीख धरणं. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. लक्ष्मीपूजन २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला. प्लॅनरमधला महिन्यांचा आलेख आणि 'गेल्या वर्षीच्या तुलनेत बदल' हा रकाना इंग्रजी महिन्यांवर चालतो. त्यामुळे अधिक महिन्याच्या वर्षी ऑगस्टमध्ये मोदकाची मागणी कोसळली आणि सप्टेंबरमध्ये उसळली, असं चित्र दिसतं. प्रत्यक्षात फक्त सण सरकलेला असतो. ट्रेंड्सवर आठवड्यांचा आलेख घ्या आणि चतुर्थीच्या किती दिवस आधी चढ सुरू होतो ते मोजा. तेवढेच दिवस या वर्षीच्या तारखेतून मागे जा. पान त्याच्याही निदान दोन महिने आधी चढलेलं असावं, कारण नव्या पानाला गूगलवर जागा मिळायला वेळ लागतो.

वॉटरप्रूफिंगचं कॅलेंडर वेगळं. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो, आणि गच्चीचं काम त्याच्या आधी उरकावं लागतं. म्हणून गच्चीचं पान जानेवारी-फेब्रुवारीत तयार हवं. घरातल्या गळतीचे सर्च पाऊस लागल्यावर येतात. सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि मोठ्या दुरुस्तीचा खर्च तिथे मांडला जातो, त्यामुळे 'सोसायटी', 'कोटेशन', 'गॅरंटी' हे शब्द असलेलं पान पावसाळ्यातच लिहून ठेवायला हवं.

उपनगरं आणि बिझनेस प्रोफाइल

मुंबईकर जागा स्टेशनने सांगतो, आणि पूर्व की पश्चिम हे सांगितल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही. तरीही प्रत्येक स्टेशनसाठी एक पान काढून फक्त नाव बदलत जायचं, हे करू नका. अशा पानांना गूगलच्या नियमांत स्पॅम धरलं जातं, आणि त्याचा फटका चांगल्या पानांनाही बसतो. अंधेरीसाठी वेगळं पान तेव्हाच लिहा, जेव्हा तिथलं काही वेगळं सांगण्यासारखं असेल: तिथे केलेल्या कामाचे फोटो, तिथला डिलिव्हरीचा दर, तिथल्या जुन्या इमारतींची विशिष्ट अडचण. आणि हेही लक्षात घ्या की बोरिवलीत उभा असलेला माणूस 'बोरिवली' टाइप करेलच असं नाही. गूगलला त्याची जागा माहीत असते. त्यामुळे उपनगराच्या नावाचे आकडे खऱ्या मागणीपेक्षा नेहमी लहान दिसतात.

गूगल बिझनेस प्रोफाइलच्या 'परफॉर्मन्स' भागात लोकांनी काय शोधल्यावर तुमचं प्रोफाइल दिसलं, त्या शब्दांची महिन्यागणिक यादी असते. १५ पेक्षा कमी असेल तिथे नेमका आकडा न देता '१५ पेक्षा कमी' दिसतं. वेबसाइट नसलेल्या दुकानासाठी कीवर्डची हीच सगळ्यात खरी माहिती. त्या यादीतले शब्द मुख्य वर्गवारी, सेवांची यादी, ७५० अक्षरांचं वर्णन आणि फोटोंखालच्या पोस्टमध्ये वापरा. मुख्य वर्गवारी एकच असते, सोबत आणखी नऊ घेता येतात. पण ज्याचं काम करत नाही ती वर्गवारी घेऊ नका. दुकानाच्या नावात शब्द कोंबणं तर अजिबात नको: पाटीवर जे नाव आहे तेच तिथे हवं. 'अमुक फराळ बेस्ट मोदक दादर वेस्ट' असं नाव ठेवलं की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि ते परत मिळवण्यात ऐन सणाचे आठवडे जातात.

सर्च कन्सोल

साइट असेल, मग ती गूगल साइट्सवरची किंवा ब्लॉगरवरची का असेना, आजच सर्च कन्सोलला जोडा. तुमची साइट गूगलवर कोणत्या शब्दांना दिसते ते सांगणारं हे गूगलचं फुकट टूल आहे. जोडण्याआधीच्या काळाचा डेटा मिळेल यावर भिस्त ठेवू नका. 'परफॉर्मन्स' अहवालात १६ महिन्यांपर्यंतचा इतिहास आणि १,००० ओळींपर्यंत शब्द दिसतात. फार कमी लोकांनी टाइप केलेले शब्द गूगल खासगीपणासाठी लपवतं, म्हणून ओळींची बेरीज एकूण क्लिकपेक्षा कमी भरते. ती चूक नव्हे. शहराप्रमाणे फोड मात्र मिळत नाही, फक्त देशाप्रमाणे.

इथे सगळ्यात आधी सरासरी स्थान ८ ते २० मधले आणि इम्प्रेशन (निकालांत किती वेळा दिसलात तो आकडा) भरपूर असलेले शब्द शोधा. गूगलने तुम्हाला त्या शब्दासाठी लायक मानलं आहे, पण तुम्ही पहिल्या पानाच्या तळाशी किंवा दुसऱ्या पानावर आहात. त्या शब्दावर क्लिक करून 'पेजेस' टॅबमध्ये कोणतं पान दिसतंय ते बघा. भलतंच पान दिसत असेल तर योग्य पानात तो शब्द शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात आणा, आणि होमपेजवरून त्याला लिंक द्या. स्थान ३-४ असून क्लिक नसतील तर शीर्षक वाचून बघा. 'होम' किंवा 'आमच्याविषयी' असं शीर्षक असलेली दुकानं अजून शेकड्यांनी आहेत.

देवनागरीत टाइप केलेले सर्च वेगळे काढायला क्वेरी (सर्चच्या शब्दांच्या) फिल्टरमध्ये 'कस्टम रेजेक्स', म्हणजे अक्षरांच्या नमुन्यावरून गाळणी, निवडून [अ-ह] एवढंच लिहा. उपनगरं एकत्र बघायची तर नावांमध्ये उभी रेघ: दादर|परळ|माहीम, आणि तशीच दुसरी ओळ इंग्रजी अक्षरांत.

बाकीची टूल्स थोडक्यात. बिंग वेबमास्टर टूल्समध्ये कीवर्डचा विभाग फुकट आहे आणि सर्च कन्सोलमधून साइट थेट आयात होते, पण आकडे बिंगचे आहेत. आन्सर द पब्लिक आणि उबरसजेस्ट फुकटात मोजकेच सर्च देतात. प्रश्नांच्या कल्पना मिळवायला ठीक, मात्र देश 'भारत' केलाय ना ते आधी बघा. ब्राउझर एक्स्टेन्शनचे आकडे मुंबईच्या पातळीवर धरू नका. एआय चॅटबॉटला यादीचे गट पाडायला सांगा, त्यात त्याची मदत होते. तो सर्चचे आकडे देऊ लागला तर ते घेऊ नका. आणि वेबसाइटवाला 'मेटा कीवर्ड्स', म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहायचे न दिसणारे शब्द, भरायचे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. गूगल तो टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

शब्दांवरून पानं

शीटमध्ये प्रत्येक शब्दासमोर त्याची लिपी, शोधणाऱ्याचा हेतू, प्लॅनरचा पट्टा, बोली, पहिल्या पानावर कोण आहे, आणि शेवटी तुमचं कोणतं पान, एवढे रकाने पुरतात. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर नवं पान लागेल. एकाच हेतूचे दहा शब्द एका पानावर जातात. एका शब्दाला दोन पानं लावली की ती एकमेकांच्या वाटेत येतात. सुरुवातीला चार-पाच पानं खूप झाली, आणि त्यात भाव, किती दिवसांत मिळेल, कुठपर्यंत पोचवता, कमीत कमी ऑर्डर किती, हे स्पष्ट लिहा. 'भावासाठी संपर्क करा' लिहिलेलं पान 'फराळ किलो भाव' या सर्चला उत्तर देत नाही.

सणाच्या पानाच्या पत्त्यात वर्षाचा आकडा घालू नका. दिवाळी झाली म्हणून ते पान काढूनही टाकू नका. वर 'या वर्षीच्या ऑर्डर बंद झाल्या आहेत, पुढच्या वर्षीसाठी नंबर नोंदवा' अशी ओळ लिहा, आणि पुढच्या श्रावणात त्याच पत्त्यावर नवे दर, नवी तारीख आणि नवे फोटो टाका.